डेकेअरची ओळ एक्सेलमध्ये कुठे लिहायची?

आमची डेकेअरची फी महिन्याला ३,०५५ डॉलर आहे. धाकटा अकरा महिन्यांचा, त्याचे १,७५०. थोरली चार वर्षांची, तिचे १,४५०. पण दोन भावंडं एकाच ठिकाणी म्हणून तिच्या फीवर दहा टक्के सूट, म्हणजे १,३०५. वर्षाचे ३६,६६०. नोंदणी फी दरवर्षी वेगळी, डायपर आणि वाइप्स घरून न्यायचे, थँक्सगिव्हिंगला आणि ख्रिसमसला दारं बंद पण फी चालू. संध्याकाळी सहानंतर पोचलात तर मिनिटाला एक डॉलर, आणि तोही प्रत्येक मुलामागे. टेक्सासमधल्या प्लेनोत ७५ नंबरच्या हायवेवर गाड्या तुंबल्या की मी घड्याळाकडे बघतच नाही.

माझा पगार वर्षाला ६२,०००. टॅक्स, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन), मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्य विमा), ४०१-के (निवृत्तीची बचत) जाऊन महिन्याला साधारण ३,७०० हातात पडतात. आता वजाबाकी करा. आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाने ती करून झाली आहे. सांगलीहून आई फोनवर करते: "अगं, म्हणजे सगळं त्या पाळणाघरालाच की! मग ही धावपळ कशाला?" सासूबाई बोलून दाखवत नाहीत, पण "मुलं लहान आहेत तोवर" असं वाक्य सुरू करून सोडून देतात. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असलेले आयटीतले काका लोक तर दशांशापर्यंत करतात. उत्तर सगळ्यांचं एकच येतं, साडेसहाशेच्या आत. आणि मग तो चेहरा.

या वजाबाकीत माझं भांडण उत्तराशी नाही, मांडणीशी आहे. फी माझ्याच पगारातून का वजा करायची? मुलं दोघांची, नोकऱ्या दोघांच्या. डेकेअर बंद झालं तर माझ्याइतकाच नवराही मीटिंगमधून उठून घरी येणार आहे. (तेवढा तो येतो, त्याबद्दल तक्रार नाही.)

बरं, भावना बाजूला ठेवू. हिशेबाचंच बोलू, कारण हिशेबातही ही मांडणी गंडलेली आहे.

त्याचा पगार १,१२,०००. आम्ही एकत्र रिटर्न भरतो. २०२६ साठी जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ज्यावर टॅक्सच लागत नाही तो भाग, ३२,२०० आहे. त्याच्या वरच्या पहिल्या २४,८०० वर दहा टक्के, मग १,००,८०० पर्यंत बारा, आणि त्यापुढे २,११,४०० पर्यंत बावीस टक्के. आता घरगुती वजाबाकीत होतं काय, तर त्याचा पगार आधी बसवला जातो. स्टँडर्ड डिडक्शन तो खातो, दहा टक्क्यांचा स्लॅब तो खातो, बारा टक्क्यांचाही बराचसा तोच भरतो. मग वरून माझा पगार येतो आणि माझ्या वाट्याला उरलेलं बारा आणि बावीस टक्के. अशाने, दोघांच्याही वजावटी जाऊन, माझ्या नावावर साधारण ९,८०० डॉलर टॅक्स दिसतो. आता फक्त क्रम उलटा करा. आधी माझा पगार, वर त्याचा. माझ्या नावावरचा टॅक्स होतो साधारण २,८००. सरकारला जाणारी एकूण रक्कम तीच, एक पैही कमी-जास्त नाही. पण माझ्या 'हातात' वर्षाला सात हजार जास्त येतात. म्हणजे माझी नोकरी परवडते की नाही हे एक्सेलमध्ये कोणाची ओळ वर आहे त्यावर ठरतं. मी टेस्टिंगमध्ये काम करते. इनपुटचा क्रम बदलल्यावर निकाल बदलत असेल तर त्याला आम्ही बग म्हणतो.

साडेसहाशेत न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. ४०१-के मध्ये मी चार टक्के घालते, कंपनी तेवढेच घालते, २,४८० डॉलर. सोशल सिक्युरिटीची क्रेडिट्स आहेत: निवृत्तीच्या पेन्शनसाठी ४० लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, म्हणजे दहा वर्षं. भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे तिकडची वर्षं इकडे जोडली जात नाहीत. चाळीस भरायच्या आत परत गेलो तर इतकी वर्षं पगारातून कापलेलं गेलं ते गेलं. मुलं शाळेत जाईपर्यंत चार-पाच वर्षं घरी बसायचं ठरवलं, तर त्याची किंमत महिना साडेसहाशे नाही.

आता मुळात फी एवढी का, ते बघू. आमच्या डेकेअरची मालकीण गडगंज झालेली मला तरी दिसत नाही, आणि बाळांच्या खोलीतल्या शिक्षिकांचे पगार बघता त्या तर नाहीच. टेक्सासच्या नियमानुसार लायसन्स असलेल्या सेंटरमध्ये अकरा महिन्यांपर्यंतच्या चार बाळांमागे एक मोठं माणूस लागतं. एक ते दीड वर्षाला हे पाचास एक, दीड ते दोनला नवास एक, चार वर्षांच्या मुलांना अठरास एक. बाळांच्या खोलीत चौघांच्या फीतून एक पगार, भाडं, विमा निघायचा असतो. म्हणून धाकट्याची फी थोरलीपेक्षा जास्त, आणि म्हणूनच तो दीड वर्षाचा झाला की खाली येणार. बजेट करताना आजची फी गुणिले पाच वर्षं असा आकडा काढून घाबरू नका. डेकेअरकडून वयोगटाप्रमाणे दरपत्रक मागून घ्या आणि मुलाच्या वाढदिवसाप्रमाणे महिन्यागणिक मांडा. आमचा आकडा त्यामुळे बराच खाली आला.

मांडता मांडता एक तारीख मात्र टोचली. टेक्सासात किंडरगार्टनसाठी मूल १ सप्टेंबरला पाच वर्षांचं पूर्ण असावं लागतं. थोरली ऑक्टोबरची. २०२६ च्या ऑक्टोबरात ती पाचची होईल आणि शाळा तोवर सुरू झालेली असेल. म्हणजे फुकटची सरकारी शाळा थेट ऑगस्ट २०२७ मध्ये. सहा आठवडे आधी जन्मली असती तर अख्ख्या वर्षाची फी वाचली असती, पंधरा हजारांच्या वर. टॅक्स वाचवण्याच्या सगळ्या युक्त्या एकत्र केल्या तरी या एका तारखेची बरोबरी होत नाही. (डिलिव्हरीच्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता, हे मान्य.)

आता त्या युक्त्या. हा नोव्हेंबर २०२५, ओपन एन्रोलमेंटचे म्हणजे कंपनीत पुढच्या वर्षाच्या सोयी निवडायचे दिवस, आणि मला गेल्या पंधरवड्यात व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त विचारलं गेलेलं म्हणजे "एफएसए घ्यायचं की क्रेडिट?"

डिपेंडंट केअर एफएसए म्हणजे पगारातून टॅक्स कापायच्या आधीच काही रक्कम बाजूला काढायची आणि डेकेअरच्या पावत्या दाखवून ती परत घ्यायची. त्या रकमेवर इन्कम टॅक्सही नाही, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्केही नाहीत. २०२५ पर्यंत मर्यादा कुटुंबाला ५,००० डॉलर. ही मर्यादा १९८६ च्या कायद्यातली. २०२१ मध्ये कोविडमुळे एका वर्षापुरती १०,५०० झाली आणि पुन्हा खाली आली, बाकी चाळीसेक वर्षं जागची हलली नाही. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ती २०२६ पासून ७,५०० केली आहे. पण महागाईबरोबर वाढायची सोय यावेळीही ठेवलेली नाही, म्हणजे पुढची चाळीस वर्षं तिथेच बसली तर नवल नको. आणि तुमच्या कंपनीने आपली योजना बदलली आहे का ते पोर्टलवर बघून घ्या. चौकटीत अजून ५,००० दिसत असेल तर एचआरला मेल टाका, आपोआप होईल असं समजू नका.

दुसरा रस्ता क्रेडिटचा. रिटर्न भरताना फॉर्म २४४१ वर डेकेअरचा खर्च दाखवायचा. एका मुलासाठी ३,००० पर्यंतचा आणि दोन किंवा जास्त मुलांसाठी ६,००० पर्यंतचा खर्च धरला जातो, आणि त्याचे काही टक्के थेट टॅक्समधून वजा होतात. २०२५ पर्यंत (२०२१ सोडून) ४३,००० च्या वर उत्पन्न असलेल्या कोणालाही वीसच टक्के मिळायचे, त्यामुळे आपल्यातले बहुतेक लोक विचार न करता एफएसए घ्यायचे आणि ते बरोबरच होतं. २०२६ पासून हे बदलतंय. जोडप्याचं उत्पन्न ४५,००० ते १,५०,००० असेल तर पस्तीस टक्के. त्याच्या पुढे दर ४,००० ला एक टक्का कमी होत होत २,१०,००० च्या आसपास वीसवर येतं. म्हणून यंदा जुनं उत्तर डोळे मिटून वापरू नका.

आमचंच घ्या. वजावटी जाऊन उत्पन्न १,६०,००० च्या आसपास, म्हणजे क्रेडिटचा दर बत्तीस टक्के. सहा हजारांवर १,९२०. एफएसएमध्ये पूर्ण ७,५०० टाकले तर बावीस अधिक ७.६५, म्हणजे २९.६५ टक्के, २,२२४. टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्स नाही त्यामुळे एवढंच गणित. एफएसए तीनशेने पुढे.

पण माझ्या एका मैत्रिणीच्या घरी दोघांचं मिळून उत्पन्न पंच्याण्णव हजार आहे, मुलं दोन. त्यांचा वरचा स्लॅब बारा टक्क्यांचा. एफएसएने वाचतील १९.६५ टक्के, ७,५०० वर १,४७४. क्रेडिटने पस्तीस टक्के, सहा हजारांवर २,१००. तिथे क्रेडिट सहाशेने पुढे. त्यांना एकच मूल असतं तर क्रेडिट १,०५० वर थांबलं असतं आणि एफएसए जिंकलं असतं. मुलांची संख्या, स्लॅब आणि उत्पन्न, तीनही माहीत असल्याशिवाय कोणी "एफएसएच घे" म्हणालं तर मान डोलवा आणि घरी येऊन स्वतः गणित करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: अर्धं-अर्धं करू नका. एफएसएमधून जेवढं घ्याल तेवढं क्रेडिटच्या सहा हजारांतून कमी होतं. पूर्वी ५,००० एफएसए आणि उरलेल्या १,००० वर क्रेडिट ही दोन मुलांवाल्यांची ठरलेली चाल होती. आता समजा आम्ही 'मध्यम मार्ग' म्हणून एफएसएमध्ये ६,००० टाकले. वाचले १,७७९ आणि क्रेडिट शून्य. म्हणजे काहीच न टाकता नुसतं क्रेडिट घेतलं असतं त्यापेक्षाही कमी. मी हा आलेख काढला तेव्हा तो खळग्यासारखा आला: दोन्ही टोकं वर, मधे खड्डा. आमच्यासारख्यांनी एकतर पूर्ण भरावं नाहीतर हात लावू नये.

चाइल्ड टॅक्स क्रेडिट यात मिसळू नका. ते मुलामागे २,२०० वेगळं मिळतं, मूल डेकेअरला जावो की आजीकडे राहो. नुकत्याच एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) मुलांना घेऊन आलेल्यांसाठी मात्र एक फरक: मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर ते २,२०० मिळत नाहीत, ५०० चं दुसरं क्रेडिट मिळतं. डेकेअरच्या क्रेडिटला आयटिन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना मिळणारा टॅक्सचा नंबर) चालतो.

छोट्या गोष्टी भराभर सांगते. एफएसएचे पैसे आरोग्याच्या एफएसएसारखे १ जानेवारीला पूर्ण हाताशी नसतात. खात्यात जमा झाले तेवढेच परत मिळतात, तेही सेवा मिळून झाल्यावर. डिसेंबरात जानेवारीची फी भरली तरी ती जानेवारीचीच. पैसे पुढच्या वर्षी नेता येत नाहीत, फार तर काही कंपन्या अडीच महिन्यांची सवलत देतात. मूल तेरा वर्षांचं होईपर्यंत चालतं. शाळेआधीची-नंतरची देखरेख चालते, उन्हाळ्यातला दिवसाचा कॅम्प चालतो, रात्री मुक्कामाचा नाही, किंडरगार्टनपासूनची शाळेची फी नाही, कथकचा क्लास नाही. एफएसए घेतलं असेल तर डब्ल्यू-२ च्या (कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या फॉर्मच्या) १० नंबरच्या बॉक्समध्ये आकडा येतो, आणि क्रेडिट घ्यायचं नसलं तरी फॉर्म २४४१ भरावाच लागतो. भारतात महिनाभर गेलात आणि जागा टिकवायला फी भरत राहिलात तर सलग दोन आठवड्यांपर्यंतची गैरहजेरी बिनघोर धरता येते, त्यापुढे प्रश्न येऊ शकतात. अर्थात आमच्यासारखी फी असेल तर हा काथ्याकूट व्यर्थ आहे, कारण मर्यादाच इतकी खाली आहे की ती मार्चमध्येच संपते.

रोखीने घेणाऱ्या काकूंबद्दलही विचारतात. आपल्या भागात अशा काकू खूप आहेत, घरी चार मुलं सांभाळतात, दुपारी वरणभात भरवतात, महिन्याला हजार डॉलर आणि पावती नाही. टॅक्सचा फायदा घ्यायचा तर सांभाळणाऱ्याचा टॅक्सचा नंबर द्यावा लागतो, त्यासाठी डब्ल्यू-१० नावाचा फॉर्म आहे. काकू तो बघून दार लावून घेतात. खरं सांगायचं तर फक्त पैशांचा प्रश्न असता तर काकू जिंकल्या असत्या: धाकट्याच्या १,७५० ऐवजी हजार म्हणजे वर्षाला नऊ हजार वाचले, आणि टॅक्समधून वाचतात सव्वादोन. आम्ही सेंटर निवडलं कारण राज्याच्या वेबसाइटवर त्यांचे तपासणी अहवाल वाचता येतात आणि एक शिक्षिका आजारी पडली तर दुसरी असते. आणि काही काकू रीतसर नोंदणी करून नंबर देतात, त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. काकू तुमच्या घरी येऊन सांभाळणार असतील तर गणित आणखी बदलतं. मग त्या तुमच्या कर्मचारी होतात, आणि २०२६ मध्ये वर्षाला ३,००० किंवा जास्त दिलेत की सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर तुम्हाला भरावं लागतं.

आजी-आजोबांना लोक बजेटमध्ये शून्य किमतीला लिहितात, त्याचा मला राग येतो. दोन तिकिटं, सहा महिन्यांचा प्रवासी विमा, आणि व्हिजिटर व्हिसावर साधारण सहाच महिने राहता येतं. त्यांना पैसे देऊन ठेवणं नियमात बसत नाही, कारण त्या व्हिसावर काम करता येत नाही. सहा महिन्यांसाठी डेकेअरची जागा सोडली तर परत वेटिंग लिस्ट. आणि बाबांच्या गुडघ्यांचं काय? टेक्सासच्या उन्हाळ्यात चार महिने बाहेर पाऊल टाकता येत नाही, शेजारी कोणी बोलायला नाही. ते नातवंडांना भेटायला येतात, चौथी शिफ्ट करायला नाही. आम्ही ते असतानाही मुलांना डेकेअरला पाठवतो, फक्त दुपारी लवकर आणतो.

आता यंदा ज्या गोष्टीने आमचा निर्णय फिरवला ती.

मी एच-४ ईएडीवर, म्हणजे एच-४ वाल्यांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, काम करते. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे म्हणून मला ते मिळालं. माझं कार्ड पुढच्या जूनमध्ये संपतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे डिसेंबरात. पूर्वी अर्ज वेळेत केला असेल तर जुन्या कार्डावर ५४० दिवसांपर्यंत काम सुरू ठेवता यायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ही सोय नाही. जूनपर्यंत नवं कार्ड आलं नाही तर मला लॅपटॉप जमा करून घरी बसावं लागेल. आणि डेकेअरची जागा सोडून चालणार नाही, कारण कार्ड आल्यावर सोमवारी कामावर जायचं तर मुलं कुठे ठेवणार?

टॅक्सचा नियम इथे कडक आहे. एफएसए असो की क्रेडिट, दोघंही कमावते असावे लागतात. (वर्षात थोडी तरी कमाई असेल तर नोकरी शोधणारा, किंवा पूर्णवेळ विद्यार्थी असलेला जोडीदार चालतो, पण कामाची परवानगीच नसताना नोकरी शोधतेय असं म्हणणं मला तरी जमणार नाही.) फॉर्म २४४१ वर दोघांची कमाई लिहायची असते आणि दोन्हींतली कमी असलेली धरली जाते. मी जूनपर्यंत काम केलं तर माझी कमाई तीस हजारांच्या आसपास होईल, तिथे अडचण नाही. पण मी घरी असलेल्या महिन्यांची फी 'कामासाठी केलेला खर्च' धरली जात नाही.

पहिला विचार असा होता की नेहमीप्रमाणे एफएसए माझ्याच पगारातून घेऊ. पंधरवड्याला पगार, वर्षात चोवीस, दर वेळी ३१२.५०. पण जूनमध्ये माझी नोकरी थांबली तर कपातही थांबली, बारा पगारांचे ३,७५० जमा झालेले असतील आणि त्या आलेखातल्या खड्ड्यात आम्ही बरोब्बर मधे अडकलेलो असू. हेच नवऱ्याच्या पगारातून घेतलं तर? त्याची कपात डिसेंबरपर्यंत चालू राहील. जानेवारी ते जूनची आमची फी अठरा हजारांच्या आसपास, ती सगळी मी कामावर असतानाची, म्हणजे पात्र. ७,५०० भरून काढायला ती पुरून उरते. नोव्हेंबरात खात्यात जमा झालेले पैसे फेब्रुवारीच्या पावतीवर परत घेता येतात, कारण खर्च त्याच वर्षातला आहे. त्याचा पगार सोशल सिक्युरिटीच्या १,८४,५०० च्या मर्यादेखाली आहे, म्हणून ७.६५ टक्क्यांतही फरक पडत नाही. १,६०,००० च्या वर पगार असलेल्यांना काही कंपन्या वर्षाच्या मधेच एफएसए कमी करायला लावतात, जास्त पगारवाल्यांनाच जास्त फायदा मिळत नाही ना, या भेदभावाच्या चाचणीत योजना नापास होऊ नये म्हणून, पण तो त्यातही येत नाही.

माझं कार्ड वेळेत आलं तर काही बिघडलं नाही. दोन-तीन महिने उशिरा आलं तरी २,२२४ शाबूत.

तर मंगळवारी रात्री मुलं झोपल्यावर आम्ही त्याच्या पोर्टलवर चौकट भरली. जानेवारीपासून डेकेअरची कपात नवऱ्याच्या पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) दिसेल. तो म्हणाला, "म्हणजे आता माझा सगळा पगार डेकेअरला जाणार." मी म्हटलं, आईला फोन करून सांग.

एक्सेलमध्ये डेकेअरची ओळ मी माझ्या पगाराखालून उचलून घराच्या हप्त्याच्या खाली ठेवली आहे. तिच्या वर दोघांच्या पगारांची बेरीज आहे, एकच आकडा, कोणाचा किती ते दुसऱ्या शीटवर. मे महिन्यात धाकटा दीड वर्षाचा होऊन पुढच्या खोलीत जाईल तिथे फी बदलली आहे. जूनपासून दोन रंगांच्या ओळी आहेत, एक कार्ड आल्यास, एक न आल्यास. न आल्यासच्या ओळीत तीन महिन्यांची फी बचतीतून काढली आहे, त्यासाठी डिसेंबरातली भारताची तिकिटं यंदा घेतली नाहीत.

ऑगस्ट २०२७ मध्ये थोरली किंडरगार्टनला जाईल तिथे १,३०५ खोडून शाळेनंतरच्या देखरेखीचे चारशे लिहिलेत. पण ती डेकेअरमधून निघाली की भावंडांची दहा टक्के सूट बंद होते की धाकट्याच्या फीला लागू राहते, हे ऑफिसमधल्या बाईंना विचारायचं राहिलंय. सोमवारी सोडायला जाईन तेव्हा विचारते.